मुदतवाढीला कुणाचीच हरकत नाही

माझ्यावर खटला झाल्याची बातमी ज्यांनी खटला केला त्यांनीच मला आणून दिली, आणि परत जाताना माझ्या दारासमोरचा बर्फही ढकलून दिला.

ऑर्विल स्टेनरुड माझे खालचे शेजारी. अमेरिकेतल्या आमच्या डुलुथमध्ये शेजारी डावे-उजवे नसतात, वरचे आणि खालचे असतात. सगळं गाव डोंगराच्या उतारावर सरोवराकडे तोंड करून बसलेलं, त्यामुळे वरच्याचं सांडलेलं पाणी खालच्याकडे जातं आणि खालच्याची तक्रार वरच्याकडे येते. तर ऑर्विल दारात उभे राहिले, कानटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले,

"मारेन, मी तुझ्यावर खटला भरलाय म्हणे. मलाही आजच कळलं."

"कशाबद्दल?"

"एप्रिलमध्ये माझ्या तळघरात पाणी शिरलं होतं ना? ते तुझ्या बागेतून आलं म्हणतात. विमा कंपनीनं मला भरपाई दिली, आता ती तुझ्याकडून वसूल करणार. नाव माझं लावायचं, अशी पद्धत आहे म्हणे. बाग बुजवून टाक, असंही लिहिलंय त्यात. राग नाही ना आला?"

"छे. आत या ना, कॉफी घ्या."

"नको, नको."

"अर्धा कप तरी."

"नको गं, तुला त्रास."

"केलेलीच आहे."

"केलेलीच असेल तर घेतो," असं म्हणून ते आत आले.

आमच्याकडे तिसऱ्या आग्रहाशिवाय कुणी काही घेत नाही. पहिल्या विचारण्यालाच 'हो' म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा खरोखरच आजारी असतो. ही पद्धत पुढे न्यायालयाच्या कामकाजात घुसून काय गोंधळ घालणार आहे, याची तेव्हा आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती. आम्ही कॉफी प्यायलो, वादी आणि प्रतिवादी.

बागेबद्दल थोडं सांगायला हवं. बाग म्हणजे खरं तर मी खणलेला एक बशीसारखा खोलगट खड्डा. छपरावरचं पाणी त्यात उतरतं, मुरतं, आणि जास्त झालंच तर रस्त्याच्या बाजूला ठेवलेल्या सांडव्यातून गटारात जातं. आत रानगवतं आणि ओल सोसणारी फुलझाडं. मी भूशास्त्र शिकलेली, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे उतार, माती, मुरण्याचा वेग, सगळं मोजूनमापून केलं होतं. ऑर्विल दोन उन्हाळे त्या बागेला "छान आहे हं" म्हणत आले होते.

माझ्याही घराचा विमा होता, त्या कंपनीनं मला वकील दिला. क्लिफर्ड माकी. भला माणूस, आवाज सौम्य, टायवर मासे छापलेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "काळजी करू नका. तुमची फक्त जबानी होईल."

फक्त. सापावर फक्त पाय पडला, तसं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या जबानीची गोम अशी की तिथे पायरी चढावीच लागत नाही. न्यायाधीश नाही, कठडा नाही. समोरच्या वकिलाच्या ऑफिसात लिफ्टनं जायचं, टेबलावर डोनट मांडलेले असतात, उजव्या हाताशी लघुलेखिका यंत्रावर बोटं ठेवून बसलेली असते. हात वर करून शपथ घ्यायची आणि मग समोरचा वकील वाटेल ते विचारतो. तुम्ही जे बोलाल ते सगळं टिपलं जातं. 'अं' म्हणालात तर 'अं' टिपलं जातं. मला डोनटची भीती वाटायला लागली ती तेव्हापासून.

माकी वकिलांनी तालीम घ्यायचं ठरवलं.

"तुमचं नाव?"

"मारेन टॉलिफ्सन."

"उत्तम. आता बाहेर बर्फ पडतोय का?"

मी खिडकीपाशी जाऊन पाहिलं. "पडताना दिसतोय. पण वारा जोराचा आहे, त्यामुळे छपरावरचा जुना बर्फ उडत असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

माकींनी चष्मा काढून डोळे चोळले. "हो किंवा नाही."

"मग 'माहीत नाही' म्हणते."

"बाई, तुम्ही खिडकीत उभ्या आहात."

तासाभरानं त्यांनी तालीम थांबवली आणि मला एकच नियम दिला. "विचारलं तेवढंच सांगायचं. न विचारलेलं काही म्हणजे काही सांगायचं नाही. मलासुद्धा नाही. दिवस पुरायचा नाही."

आणि न विचारलेलं असं एक माझ्याजवळ होतं. भीती होती ती त्याचीच.

ऑर्विलच्या घराला लागून मागच्या अंगणात दर हिवाळ्यात स्केटिंगसाठी बर्फाची रिंक असते. त्यांच्या बायकोनं, आर्लिसनं, ती सुरू केली होती. आर्लिस गेली, रिंक राहिली. डिसेंबरची कडक थंडी पडली की ऑर्विल पहाटे उठून रबरी नळीनं अंगणात पाणी सोडतात, ते गोठतं, मग त्यावर आणखी एक थर, असे आठवडाभर. आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर पहिल्यांदा पडलं ते त्या रिंकवर आणि पहिल्यांदा उभं राहिलं तेही तिथंच. ऑर्विल खिडकीत बसून बघत असतात. हिवाळ्यात त्यांना दुसरं काही करायचं नसतं, आणि असलं तरी ते करत नाहीत.

एप्रिलमध्ये त्यांचं तळघर भिजलं तेव्हा मी पुसायला गेले होते. शिकलेल्या माणसाला नुसतं पुसता येत नाही, पाणी कुठून आलं हे बघावंसं वाटतं. पाण्याचा माग काढायचा हिरवा रंग प्रयोगशाळेत असतो, तो मी आणला. आधी माझ्या बागेत ओतला. दिवसभर तळघरात हिरवा ठिपका नाही. मग दुसऱ्या दिवशी, केवळ खातरजमा म्हणून, वितळलेल्या रिंकचं पाणी भिंतीशी साचलं होतं त्यात ओतला. मी जिना उतरून खाली पोचायच्या आत भिंतीतून हिरवी धार लागली होती.

वर स्वयंपाकघरात ऑर्विल माझ्यासाठी लिंबाची वडी कापत होते. तिथूनच ओरडून म्हणाले, "पुढच्या वर्षी रिंक आणखी थोडी लांबवावी म्हणतो, मारेन. आर्लिसला ती कायम लहान वाटायची."

मी हिरवं पाणी पुसून टाकलं आणि वर जाऊन वडी खाल्ली.

आता मला शपथेवर कुणी विचारलं, की बाई, पाणी यायचं दुसरं काही कारण तुम्हाला ठाऊक आहे का, तर मी काय सांगणार? खरं सांगितलं तर विमा कंपनी दुसऱ्या दिवशी रिंक बंद करायला लावणार, ऐन हिवाळ्यात, मुलांच्या पायांत बूट चढलेले असताना, आणि ते माझ्या तोंडून. खोटं सांगितलं तर ते खोटं. ते मला जमत नाही. बर्फ पडतोय का एवढं सांगताना माझी काय अवस्था होते ते वर आलंच आहे. मी नाडी मोजून पाहिली. आकडा सांगत नाही, पण त्या आकड्याला माणसं जिने चढत असतात, आणि मी खुर्चीत बसले होते.

समोरच्या घरातल्या डार्लीन क्वाम यांना मी अर्थातच काही सांगितलं नाही. त्यांना सगळं आधीच माहीत होतं, रंगाचं सोडून.

"शपथेवर खोटं बोलू नकोस हो," डार्लीनबाई म्हणाल्या. "माझ्या मावसभावाच्या साडूनं मासेमारी स्पर्धेच्या दाव्यात मासा वितीभर लांब सांगितला. पकडला गेला."

"तुरुंगात गेले?"

"तुरुंग परवडला. गावात आता त्याला कुणी बोटीत घेत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग डार्लीनबाईंनीच तोड सुचवली. जबानीची मुदत पुढे ढकलून घ्यायची. माझ्या मनात आलं, मार्च आला की रिंक आपोआप वितळायला लागते. निदान हा हिवाळा मुलांना मिळेल. त्यानंतर जे व्हायचं ते होवो. एवढंच मला हवं होतं, मार्चपर्यंतची मुदत. माणसं न्यायालयाकडे न्याय मागतात, मी फक्त वेळ मागत होते.

माकी वकील म्हणाले, "सोपं आहे. इथे वकील एकमेकांना मुदत देतात ती शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तशी. फक्त कारण लागेल. खरं कारण."

इथे माझी पंचाईत झाली. खोटं टाळण्यासाठीच मला मुदत हवी होती, तिची सुरुवात खोट्यानं कशी करणार? तेव्हा एकच मार्ग उरला. खरं कारण घडवून आणायचं.

मी अक्कलदाढ काढायला गेले.

दंतवैद्यानं फोटो बघून सांगितलं, "दाढ उत्तम आहे."

"पण कधी ना कधी त्रास देईल?"

"देईल किंवा देणार नाही."

"म्हणजे शक्यता आहे."

"शक्यता काय, सगळ्यांचीच असते."

"मग काढा."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि काढली. दाढ त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरोखरच उत्तम होती. तिला जागा सोडायची मुळीच इच्छा नव्हती. जबडा सुजला, तोंड उघडेना, माझा चेहरा एका बाजूनं माझा आणि दुसऱ्या बाजूनं भोपळ्याचा झाला. जबानी द्यायला तोंड लागतं, हे कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. पहिली मुदतवाढ मिळाली.

संध्याकाळी ऑर्विल हजर. हातात फडक्यात बांधलेला बर्फ. "गालाला लाव. रिंकचाच आहे, अगदी स्वच्छ. मुलं उतरायच्या आधी कोपऱ्यातला फोडून आणला."

मी तो बर्फ गालाला लावून बसले. तो वितळून मानेवरून खाली चालला होता आणि तो कुठून कुठे जातोय याचा माग काढायला मला रंगाची गरज पडली नाही.

दुसरी मुदतवाढ मी मागितलीच नाही. ती समोरून आली. ऑर्विलच्या बाजूच्या वकील रोसेटीबाई, धारदार नाकाच्या, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी माकींना कळवलं की त्यांच्या अशिलाचीही जबानी व्हायची आहे, पण अशील म्हणतात हे दिवस नळी सोडून जाण्याचे नाहीत, तरी थोडी मुदत मिळावी. मला आनंद झाला, आणि लगेच धास्ती वाटली. ऑर्विलना कशाची मुदत हवी? नळीचं काम पहाटेचं, जबानी दुपारची.

माकींनी उत्तर दिलं, आमची हरकत नाही, हवी तर आणखी थोडी घ्या.

रोसेटीबाईंनी कळवलं, नको, नको, तुमची गैरसोय नको.

माकींनी कळवलं, गैरसोय कसली, आणखी आठवडा तरी घ्याच.

रोसेटीबाईंचं उत्तर आलं, तुम्हालाच सोयीचं असेल तर घेऊ, पण मग तुमच्या बाईंनाही तेवढीच वाढवून घ्या.

माकींनी अर्थातच लिहिलं, नको, नको. हे तिसऱ्या आग्रहापर्यंत चाललं, आणि प्रत्येक आग्रहाबरोबर मुदत लांबत गेली. शेवटी दोघांनी मिळून न्यायाधीशांकडे जो संयुक्त अर्ज केला त्यात ठरलेली तारीख कुणालाच नको होती, पण दोघांनीही ती एकमेकांना प्रेमानं वाढली होती.

न्यायाधीश मूळच्या टेक्सासच्या. त्यांना हे कळेना. त्यांनी सगळ्यांना संगणकाच्या पडद्यावर बोलावून घेतलं. मीही घरून हजर होते, गालाची सूज उतरलेली, पण पिवळी पडलेली.

"वादीची मुदतवाढीला हरकत आहे?"

"नाही, न्यायाधीश महोदया."

"प्रतिवादीची?"

"मुळीच नाही."

"मग तुम्ही दोघं भांडताय कशावरून?"

तेवढ्यात माझ्या मागच्या खिडकीबाहेरून पाच-सहा पोरं स्केटचे बूट गळ्यात अडकवून ऑर्विलच्या अंगणाकडे धावत गेली. मी हळूच सरकून खिडकी झाकली. न्यायाधीशांना वाटलं, मी उठून काहीतरी सांगायला निघाले. "बसा," त्या म्हणाल्या. मी इतकी झटकन बसले की खुर्ची मागे गेली आणि पडद्यावर फक्त माझे पाय राहिले. त्यांनी मुदत दिली, पण बजावून सांगितलं की यापुढे अटळ कारणाशिवाय एक दिवसही मिळणार नाही.

अटळ. हा शब्द मी पडदा बंद केल्यावर बराच वेळ घोळवला.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेतून कुणीतरी सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊन विहिरींच्या पाण्याचे नमुने आणायचे होते. फेब्रुवारीत उत्तर किनाऱ्यावर स्वखुशीनं कुणी जात नाही. मी हात वर केला. साहेब म्हणाले, "जबानी आहे ना तुझी त्या आठवड्यात?" मी म्हटलं, "कर्तव्य आधी." त्यांचे डोळे भरून आले. एवढी लाज मला सुजलेल्या गालाचीही वाटली नव्हती.

मनात हिशेब असा की तिकडे हवेचा नेम नसतो. रस्ता बंद झालाच तर ते अटळ. हवेनं माझं जरा जास्तच ऐकलं. वादळ आलं, हमरस्ता बंद झाला, मी वाटेतल्या एका खाणावळीत अडकले. मालकीणबाईंनी अडकलेल्या सगळ्यांसाठी मधल्या टेबलावर ब्लूबेरी केक मांडला होता. मी जागा शोधत वळले, तर टेबलाच्या पलीकडे रोसेटीबाई.

त्या दुसऱ्या कुठल्यातरी दाव्यावरून परतत होत्या. आता नियम असा की माझा वकील हजर नसताना त्यांनी माझ्याशी खटल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मला तर वाटलं, मी नुसती त्यांच्याकडे बघितलं तरी ते टिपलं जाईल. आम्ही हवेबद्दल एक वाक्य बोललो. मग तेही खटल्याशी संबंधित आहे असं दोघींच्याही एकदम लक्षात आलं, बर्फ, पाणी वगैरे, आणि आम्ही गप्प झालो.

बाहेर वारा घोंघावत होता. ताटलीत केकचा शेवटचा तुकडा उरला. आमच्याकडे शेवटचा तुकडा घ्यायचा नसतो. बऱ्याच वेळानं मी त्याचा अर्धा कापून घेतला. थोड्या वेळानं रोसेटीबाईंनी उरलेल्याचा अर्धा घेतला. मग मी त्याचा अर्धा. किरणोत्सारी पदार्थासारखा तो तुकडा निम्म्यानिम्म्यानं घटत गेला, पण शून्यावर आला नाही. तासाभरानं ताटलीत एक ब्लूबेरी राहिली होती. रोसेटीबाईंनी सुरी उचलली, ब्लूबेरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घ्या ना," मी म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच जराशा हसल्या. "उद्या तुम्हाला प्रश्न विचारायचे होते मला. खरं म्हणजे, बरं झालं रस्ता—" मग त्यांना नियम आठवला. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला त्या रात्री पुन्हा झोप नाही. ते प्रश्न टळल्याचं वकिलालाही बरं वाटावं असं त्यांत काय होतं?

दोन्ही बाजूंनी वादळाचं कारण देऊन अर्ज केला. न्यायाधीशांचा हुकूम आला: ही शेवटची मुदत, दोन्ही जबान्या एकाच दिवशी, एकाच खोलीत, आधी वादीची, लगेच प्रतिवादीची, यापुढे सरोवर पेटलं तरी तारीख बदलणार नाही.

तारीख मार्चमधली होती. म्हणजे मला हवं होतं ते मिळालं होतं. त्या सकाळी मी घरातून निघाले तेव्हा रिंकवर पाणी चढलं होतं, कडा वितळून गवत दिसत होतं, पोरं आदल्याच दिवशी शेवटची पडून गेली होती. मुलांचा हिवाळा पार पडला होता. पण आता कळलं की मुदतवाढीनं भीती कमी होत नाही, तिच्यावर फक्त थरावर थर चढत जातो.

आणि लिफ्टमध्ये भेटले ऑर्विल. लग्नाचा असावा असा जुना सूट, केस पाण्यानं बसवलेले.

"घाबरलीयस का, पोरी?"

"नाही."

"मीही नाही," ते म्हणाले. त्यांनी बटण दाबलं ते चुकीच्या मजल्याचं होतं. मी ते दुरुस्त केलं, तेही चुकीचं. एक दंतवैद्यकीय दवाखाना बघून आम्ही खाली आलो.

खोलीत डोनट होते. लघुलेखिकेनं यंत्रावर बोटं ठेवली. ऑर्विलनी हात वर करून शपथ घेतली. मला वाटलं, या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायला मीच कारण आहे, माझ्या खड्ड्यापायी. माकी वकिलांनी नाव, गाव, घर किती जुनं, असं सावकाश विचारत आणलं. मग चष्मा सारखा केला.

"मिस्टर स्टेनरुड, तुमच्या तळघरात पाणी शिरलं, त्याला या बागेखेरीज दुसरं काही कारण तुम्हाला माहीत आहे का?"

माझाच प्रश्न. मी डोनटच्या भोकात बघत बसले.

"आहे की," ऑर्विल म्हणाले.

"काय?"

"रिंक. दर वर्षी वितळली की थोडं पाणी येतंच. गेल्या वर्षी मी ती भिंतीला अगदी चिकटवली, पोरं मोठी झालीत ना, म्हणून जरा जास्त आलं."

"हे... हे तुम्ही विमा कंपनीला का सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. त्यांचा माणूस आला, म्हणाला, तुमच्या वरच्या अंगाला काय आहे? मी म्हटलं, मारेनची बाग. त्यानं लिहून घेतलं. मी त्याला लिंबाची वडी दिली. तो गेला. मला वाटलं, त्याला त्याचं काम कळत असेल."

रोसेटीबाईंचं पेन खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही. लघुलेखिकेची बोटं शांतपणे चालत राहिली आणि शेवटी थांबली. माकींनी खरं तर इथेच आटपायला हवं होतं. खटला संपला होता. पण जिंकलेल्या माणसाला आणखी एक घास खावासा वाटतोच.

"म्हणजे या बागेबद्दल," ते गोड आवाजात म्हणाले, "तुमची काही म्हणजे काहीच तक्रार नाही?"

ऑर्विलचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लघुलेखिकेकडे, मग पुन्हा माकींकडे.

"हे शपथेवर विचारताय?"

"शपथेवर."

"ती बाग," ऑर्विल म्हणाले, "वेगळी आहे."

परक्याला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे जावयानं केस जांभळे रंगवले तर त्याला 'वेगळे' म्हणतात. स्वयंपाकात मिठाऐवजी साखर पडली तर जेवण 'वेगळं' होतं. याच्यापुढे आमच्याकडे शब्द नाही. याच्यापुढे माणसं घर विकून जातात. माकी इथलेच, त्यांनी मान खाली घातली. लघुलेखिकेनं तो शब्द टिपला आणि मग माझ्या हातावर हलकेच हात ठेवला. रोसेटीबाईंनी थोडी सुटी मागितली.

बाहेरच्या बाकावर ऑर्विल आणि मी शेजारी बसलो.

"याच्यासाठीच मी मुदत मागत होतो," ते कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले. "वकीलबाईंनी मला सांगितलं, बागेबद्दल विचारतील, खरं सांगावं लागेल. दोन उन्हाळे तुला छान म्हणत आलोय मी. आता कुठल्या तोंडानं सांगू? तिथं गाय पुरल्यासारखं दिसतं, मारेन."

रोसेटीबाईंना वादळ का बरं वाटलं, ते आता कळलं. त्यांना माझ्यासमोर गायीचा विषय निघण्याची भीती होती.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"गायीसारखं दिसतं ते?"

"ते नाही. पाणी रिंकचं आहे ते. एप्रिलमध्ये रंग टाकून पाहिलं होतं मी."

ऑर्विल वळले. "मग बोलली का नाहीस? तुझी बाग गेली असती."

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. मग ते पुरेसं खरं वाटेना, म्हणून म्हटलं, "तुमची रिंक गेली असती."

ऑर्विल उठले. मग आत जाऊन एक डोनट घेऊन आले आणि त्याचा अर्धा मला दिला.

माझी जबानी झालीच नाही. रोसेटीबाईंनी सांगितलं, आता गरज नाही. सबंध हिवाळा मी 'हो', 'नाही', 'माहीत नाही' घोटत होते, त्यापायी एक चांगली दाढ गमावली होती, आणि मला कुणी बर्फ पडतोय का एवढंही विचारलं नाही. सुटकेबरोबर थोडा अपमानही झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं.

खटला मागे घेतला गेला. विमा कंपनीनं ऑर्विलना कळवलं की घराला लागून रिंक केल्यास यापुढे विमा नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी हिवाळाभर भीत राहिले ती झालीच, फक्त माझ्या नव्हे, त्यांच्या तोंडून. त्या आठवड्यात त्यांच्या तळघरात दर वर्षीसारखं पाणी आलं. आम्ही दोघांनी मिळून ते उपसलं. मग ते नळी गुंडाळत बसले. नेहमी ती खिळ्याला टांगतात. या वेळी खोक्यात भरत होते.

"टांगत नाही?" मी विचारलं.

"कशाला टांगायची?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. "माझ्या खड्ड्यात करा रिंक."

"गायीच्या थडग्यावर?"

"बशीसारखा आहे, पाणी छान धरेल. गवत मी कापते. वितळलं की सांडव्यातून रस्त्याकडे जाईल. तुमच्या तळघरात येत नाही, मी पाहिलंय."

"नको, नको."

"लहान पोरांना तरी पुरेल."

"नको गं, तुला त्रास."

"खड्डा केलेलाच आहे."

ऑर्विलनी हातातल्या नळीकडे पाहिलं. "केलेलाच असेल तर," ते म्हणाले, आणि नळी खोक्यातून बाहेर काढली.

डिसेंबरात ते पहाटे माझ्या अंगणात उभे राहून पाणी सोडायला लागले. डार्लीनबाईंनी पहिल्याच दिवशी येऊन विचारलं, एखादं पोर तुझ्या जागेत पडलं तर जबाबदार कोण, आणि माझी नाडी पुन्हा जिना चढायला लागली. पण पोरं उतरली. रिंक त्या जुन्या रिंकहून लहान, जरा गोल, त्यामुळे ती सगळी एकाच दिशेनं फिरत होती. बर्फातून कुठे कुठे माझ्या गवताचे वाळलेले शेंडे दिसत होते.

ऑर्विल आणि मी कडेला कॉफीचे कप घेऊन उभे होतो.

"आता कशी दिसते बाग?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली घेतला. "हे शपथेवर विचारतेस?"

"नाही."

"मग छान दिसते," ऑर्विल म्हणाले.